महफूज सराई

मुलांनो, आमच्या गावच्या दगडी सराईत वाटसरू मुक्काम करीत. दर उन्हाळ्यात बाया चुना-गूळ कुटून तिची गच्ची लिंपत; माझी आजी त्यांची म्होरकी. मग निजामाच्या सरकारने इमारत जुनी, मोलाची ठरवून कुलूप लावलं. दारावर उर्दू पाटी आली: ‘महफूज’, म्हणजे सुरक्षित. गावाने त्याचा अर्थ ‘बंद’ असाच घेतला.

बाया चुना घेऊन गेल्या, तर चौकीदाराने अडवलं.

“सरकारी हाय आता, म्हातारे. हात लावायचा न्हाई.”

“आन् पावसाला सांगितलंस का रं, हात लावू नको म्हून?” आजी म्हणाली.

गच्ची गळत राहिली. शेवटी मधली कमान पडली, तेव्हा पाहणीला साहेब आले. या लोकांना जुन्याची कदर नाही, असं ते उर्दूत म्हणाले. आजी समोरच उभी होती. तिला उर्दू कळत होतं.