नलूने पुसलेले चेहरे

ईशा आणि कबीर, तुम्हाला नलूआजी गेल्याचं कळवायला मी फोन केला, तेव्हा ईशाने रडता रडता एकच विचारलं, "आजी, तिने माझं चित्र का पुसलं होतं?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. तीन आठवडे झाले. आता लिहिते.

माझी ही धाकटी बहीण शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर तिला एकाच विषयाने धरलं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं आपल्या नाशकात, शरणपूरला आणून ठेवली होती. त्यांना नवी नावं दिली, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. पुढे नाव कमावलेल्या दोघा-चौघांचे फोटो नलूला मिळाले. बाकीच्यांचं तोंडसुद्धा कुठे नाही... तिला तीच मुलं काढायची होती. द्राक्षबागेच्या छाटणीतल्या काड्या बंद डब्यात भाजून ती कोळसा करायची आणि पुरुषभर उंचीच्या कागदांवर काढत बसायची. एका प्रदर्शनात कुणी हिणवलं, "मॅडम, आपल्याकडचे प्रश्न संपले वाटतं, थेट आफ्रिकेत पोचलात?" ती म्हणाली, "आफ्रिकेत कशाला? सीबीएस स्टँडवरून शरणपूरला चालत जाते मी."

तू आली होतीस त्या सुट्टीत, ईशा, त्यातल्या एका पोराच्या चेहऱ्यासाठी तिने तुला समोर बसवलं. चेहरा इतका जिवंत उतरला की आम्ही बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने तो फडक्याने पुसून टाकला. तू रुसलीस. मी चिडले, "अगं, पोरीला काय वाटेल?"

"ताई, ही आपली ईशा आहे गं. हिला आई आहे. त्या पोराच्या जागी हिला कशी ठेवू?"

मग शेजारची मुलं बसवून झाली, फोटो समोर ठेवून झाले. रोज काढायची, रोज पुसायची. खांदे, हात, पाय सगळं तयार आणि मानेच्या वर कागद झिजून भोक पडलेलं. पुढे हात थरथरायला लागले तशी ती फार घाबरली. "मी गेले की यांना कोण शोधणार गं?" मी "डोळे तरी काढून ठेव," म्हणाले. "कुणाचे?" तिने विचारलं. तिचं जेवण सुटलं. शेवटच्या महिन्यात तिने ते सगळे कागद माझ्यादेखत फाडले. मला अडवता आलं नाही.

त्यानंतर दोन्ही हातांनी कोळसा घट्ट धरून तिने आणखी एक चित्र काढलं. ते मात्र पुसलं नाही. तेवढं एकच उरलं आहे. त्यात आठ-नऊ वर्षांचा मुलगा आपल्याकडे पाठ करून उभा आहे.