अंबुजाबाईंचा दीर

मी चेन्नईत तेवीस वर्षं रक्तदानाची शिबिरं भरवते. कॉलेजची पायरी चढले नाही, पण कुठल्या हॉस्पिटलात कुणाला धरलं की काम होतं, ते मला विचारावं. त्यामुळे डॉ. सीतालक्ष्मी मी भरून आणलेला फॉर्म बघून हसल्या, तेव्हा मी तिथेच भांडणार होते.

या बाई डॉक्टर खऱ्या, पण रोगी तपासत नाहीत. एकाच्या रक्ताच्या मूळपेशी दुसऱ्याला द्यायच्या तर दोघांच्या पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या कुणाशी जुळतील हे शोधण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. घराणं तंजावरचं मराठी. बोलतात तेव्हा वाटतं, कुणी जुनी पोथी तमिळ चालीत वाचतंय. टेबलावर यंत्रबिंत्र काही नाही, नुसत्या गुंडाळलेल्या वंशावळी.

फॉर्म होता प्राणेशचा. वय चोवीस, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, आणि रक्ताचा कर्करोग. औषधांनी दबलाय, पण दोन-तीन महिन्यांत मूळपेशी मिळाल्या नाहीत तर उलटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आई-वडील जुळले नाहीत, बहीण श्रीनिधीही नाही. दात्यांच्या यादीत कुणी नाही. आई अंबुजाबाई बँकेत क्लार्क, माझ्या शिबिरांना न चुकता येणाऱ्या.

"वडिलांना भाऊ नाहीं, हें कोणीं सांगितलें?" सीतालक्ष्मींनी विचारलं.

"अंबुजाबाईंनी. मी स्वतः विचारलं, दीर आहे का? नाही म्हणाल्या."

"आणि मागच्या पानावर हे टी. बी. वेंकोबा?"

"ते त्यांचे मामा. हॉस्पिटलात प्राणेशजवळ असतात. आईचा मामा कोण तपासतं? फॉर्मात रकानाच नाही." मग मीच जोडलं, "टी. बी. हे नाव आहे की निदान?"

"तंजावर, बालाजीराव. गांव आणि बाप. आतां प्राणेशच्या वडिलांचें नांव वाचा."

टी. बी. नारायणस्वामी. माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. "अंबुजा, लग्नाआधीं तुझे यजमान तुझे कोण?"

"मामा. आईचे सख्खे भाऊ."

"वेंकोबा?"

"धाकटे मामा."

"म्हणजे यजमानांचे?"

"भाऊच की. पण त्यांना दीर कसं म्हणू, अक्का? मला कडेवर घेऊन फिरवलंय त्यांनी."

माझं डोकं फिरलं. असल्या लग्नांविरुद्ध मी वस्त्यावस्त्यांत भाषणं दिलीत. फोन बंद झाल्यावर सीतालक्ष्मींना म्हटलं, "बाई, नात्यात लग्नं करून मुलं आजारी पडतात, हे तुम्ही लोकांना सांगत का नाही?"

"सांगतें. माझे आईबाप मामा-भाचीच. माझा भाऊ चौथ्या वर्षीं गेला." त्या वंशावळीवर रेघ ओढत होत्या. "प्राणेशचा आजार त्यानें आला असें नव्हे. पण पाहा. खुणांचा एक संच बापाकडून येतो, एक आईकडून. इथें आईचाही एक संच त्याच घरचा, तिच्या आईकडून आलेला. दोन्ही संच एकाच घरचे पडले असतील तर बापाचा भाऊ त्याला सख्ख्या भावासारखा जुळूं शकेल."

"जुळेल ना?"

"पडले असतील तर, म्हटलें मीं."

वेंकोबा सत्तावन्न वर्षांचे, रेल्वेतून मुदतीआधीच निवृत्त झालेले. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेताना म्हणाले, "इतकंच? मला वाटलं हाड फोडणार." बारा दिवस मी रोज सकाळी सीतालक्ष्मींना फोन केला. रोज एकच उत्तर: "आलें की सांगेन, विमलाताई. रोज विचारल्यानें जुळत नाहीं."

तेराव्या दिवशी फोन त्यांचा आला. सगळ्या खुणा जुळल्या होत्या.

वेंकोबांच्या एका हातातून रक्त यंत्रात गेलं, मूळपेशी काढून दुसऱ्या हातातून परत आलं. पाच तास लागले. त्याच संध्याकाळी ती पिशवी प्राणेशला चढली. मग वाट पाहणं. सतराव्या दिवशी त्याच्या रक्तात नव्या पांढऱ्या पेशी दिसल्या. अंबुजाबाईंनी मला आधी आकडा सांगितला, मग रडल्या.

मी प्रयोगशाळेत धावले. वेंकोबा आधीच येऊन बसलेले, समोर त्यांच्या घराण्याची वंशावळ उलगडलेली.

"पेशी रुजल्या आहेत," सीतालक्ष्मी मला म्हणाल्या. "आजार परततो का, तें वर्षभर पाहायचें." मग त्यांच्याकडे वळल्या. "हां, तुमच्या आत्याचें लग्न कोणाशीं झालें म्हणालांत?"

"आजीच्या धाकट्या भावाशी."

त्यांनी शिसपेन्सिल उचलली. मीही खुर्ची पुढे ओढली.