भिंतीवरच्या झेंडूची खुडणी

गुडघे गेले म्हणून आईने मखमलाबादचा मळा विकला आणि ती माझ्याकडे चौथ्या मजल्यावर राहायला आली. तेव्हापासून ती जवळजवळ बोलेनाशीच झाली. जन्मभर झेंडू काढलेली बाई, आता खुर्चीत बसून पंख्याकडे बघायची. ही अशीच बसल्या बसल्या संपेल, अशी धास्तीच घेतली मी. म्हणून मॉलमधल्या त्या डिजिटल फुलांच्या प्रदर्शनाची तिकिटं काढली. 'तुम्हीच चित्राचा भाग व्हा,' असं जाहिरातीत होतं. म्हटलं, होऊ दे बाई एकदाची.

आत अंधार. भिंतींवर, जमिनीवर, माणसांच्या अंगावरसुद्धा झेंडू उमलत होता. हात लावला की फूल विरायचं आणि दुसरीकडे उगवायचं. लोक सेल्फी काढत होते. आणि आमच्या मातोश्रींनी काय करावं? चपला दाराशी काढल्या, पदराची झोळी केली आणि चक्क खुडायला लागल्या!

"आई, अगं उजेड आहे तो नुसता," मी कुजबुजले.

"दिसतंय मला. तू हात चालव," ती डाफरली.

समोरच्या ढेरपोट्या गृहस्थांच्या शर्टावर टपोरी फुलं उमलली होती. आईने ती त्यांच्या पोटावरून खुडायला घेतली. ते बिचारे हात वर करून उभे. "हलू नका, कळ्या तुटत्यात," वर हा दम! मग ती सगळ्यांवरच घसरली. "वाफ्यात काय नाचताय? सरीतून चाला! लय झाली थेरं!"

आणि खरं सांगते, लोक मुकाट्याने एका ओळीत चालायला लागले. दोन मुली तर ओढणीची झोळी करून तिच्यामागे खुडत निघाल्या. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, आणि आनंदाने रडूही येत होतं. कित्येक महिन्यांनी तिचा तो खणखणीत आवाज ऐकत होते.

वेळ संपली, दिवे लागले. भिंती पांढऱ्याफटक. तिथली व्यवस्था बघणारी बाई हसत हसत आमच्याकडे आली. "आजी, मजा आली ना?"

आईने तिचा हातच धरला. "बाई लागती का कामाला? हितं वाकावं लागत नाय. मला जमंल."

"अहो आजी, इथं सगळं आपोआप होतं. कामाला माणूस लागतच नाही."

आईने हात सोडला नाही. "पैसे नको मला," ती म्हणाली, "नुसतं येऊ द्या."