सगळं पित्तावर ढकललं

मी वेसाव्याचा कोळीवाडा सोडला तेव्हा आई दारात मोकळ्या हातांनी उभी होती. आमच्याकडून कुणी निघालं की सुक्या मासळीची पुडी बांधून देतात. मला काय द्यावं, हे तिला सुचलंच नाही. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

तुम्ही सगळे विचारता, एवढ्यासाठी कुणी मुलुंडला जातं का? एवढ्यासाठीच गेले. लहानपणापासून माझ्या अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, चिडचिड झाली तरी पित्त, मग हेही पित्तच. आई आमसुलाचं पाणी चोळायची आणि उतरलं की पुन्हा ताट वाढायची. "जराशा कोलंबीनं काय होतंय? कोळ्याची पोर ना तू?" दरवेळी त्रास होत नसे, त्यामुळे तिचं म्हणणं मलाही पटायचं.

मग एकदा गल्लीत जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत घातलेला असताना माझा श्वासच अडकला. डॉक्टर आधी दमा म्हणाले. नंतर रक्त तपासलं आणि त्यात जे जे अ‍ॅलर्जीचं निघालं ते सगळं खाणं बंद केलं. कोलंबी, खेकडे, मासे, शेंगदाणे, अंडी. जवळ्यापासून लांब राहा म्हणाले. कोळीवाड्यात लांब म्हणजे कुठे राहायचं?

मुलुंडच्या वन आरकेत मी कित्येक वर्षं डाळभातावर काढली. पावसाळ्यात जवळा वाळत नाही, तेव्हाच घरी जायचे. आई माझ्यासाठी वेगळं पातेलं काढायची. शेजारणी म्हणायच्या, मुलुंडला जाऊन बामणीण झाली.

यंदा दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तात दिसलं म्हणजे खाल्ल्यावर होईलच असं नाही. हॉस्पिटलात समोर बसवून, इंजेक्शन हाताशी ठेवून, त्यांनी एकेक पदार्थ कणाकणाने खायला दिला. शेंगदाणे, अंडं, पापलेट, सगळं पचलं. अ‍ॅलर्जी फक्त कोलंबी-खेकड्यांची, पण ती जिवावर बेतणारी. एवढी वर्षं उगाच गेली म्हणून मला रागही आला नाही.

आई मुलुंडला आली. मी आणलेलं पापलेट तिनं साफ केलं, हळद-मीठ लावलं आणि तव्यापाशी थांबली.

"तू तळ गं. माझ्या हातानं नको."

जन्मभर मासळी विकलेली बाई. मी तळलं, खाल्लं. तिनं एक घासही घेतला नाही. माझं जेवण संपलं तरी ती माझ्या ओठांकडेच बघत होती. घर कुठलं विचाराल, तर सध्या माझ्याकडे तिची ती नजर, एवढंच आहे.