आक्कांनी उघडलेला कॉम्प्युटर

फॉर्मवाल्या आक्का कॉम्प्युटरचा डबा उघडण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत. अंगातली वीज आतल्या भागांना लागू नये म्हणून, असं त्या सांगत. जवळा बाजार या गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं त्यांचं छोटं दुकान होतं. मी तिथल्याच शाळेत कारकून. शिष्यवृत्तीच्या मुलांना त्यांच्याकडेच पाठवत असे.

कॉम्प्युटर त्यांच्या नवऱ्याने घेतलेला. ते गेले आणि दुकान आक्कांकडे आलं. सकाळी बटण दाबून त्या दुकान झाडत, पाणी भरत, तोवर तो कसाबसा चालू होई. आतली बटणाएवढी बॅटरी संपल्यामुळे त्याची तारीख रोज कित्येक वर्षं मागे जाई आणि चुकीच्या तारखेमुळे फॉर्मची साइट उघडत नसे. "आज कोणता दिवस हाय ते रोज मलाच सांगावं लागतं ह्याला," असं म्हणत त्या तारीख बदलत.

एका वर्षी नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. तांड्यावरच्या सविताचा फॉर्म पूर्ण भरून झाला आणि फोटो चढवताना स्क्रीन गोठली. पुन्हा चालू होईपर्यंत मुदत संपली. पोरगी रडली नाही. एकेक कागद पिशवीत घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आक्का तांड्यावर गेल्या. तिच्या वडिलांना म्हणाल्या, "पोरीची चूक न्हाई, माझी हाय."

मी नंतर म्हणालो, "आक्का, साइटच बंद पडली होती म्हणायचं."

"काहून? बाकीच्यांचे फॉर्म गेलेच की, भाऊ."

नवीन कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी डबा चादरीत बांधला आणि हिंगोलीची एसटी धरली. मला तिकडे काम होतं म्हणून मीही बरोबर होतो. डबा त्यांनी वाटभर मांडीवर धरला. कंडक्टरने विचारलं, "लेकरू हाय का?" आक्का म्हणाल्या, "न्हाई, म्हातारं हाय."

तिथल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदाराने डबा पाहून भंगाराचा रस्ता दाखवला. आक्का हलल्या नाहीत. "टायपिंग माझी बोटं करतात. ह्याला लवकर ऐकू येईल एवढं करा." शेवटी त्याने जुनी हार्डडिस्क काढून तिच्या जागी जास्त वेगाची एसएसडी बसवली. रॅमची जुनी पट्टी शोधून आणली, तर आक्कांनीच त्याचा हात धरला. "थांबा, आतल्या पट्टीपेक्षा हिची खाच दुसरीकडं हाय." त्याने पाहिलं. पट्टी खरंच वेगळ्या जातीची होती. मग त्याने जुळणारी पट्टी काढली, बॅटरीही बदलली. आक्का प्रत्येक पायरी वहीत लिहून घेत होत्या. कॉम्प्युटर चटकन चालू झाला. आक्कांनी तो बंद करून परत चालू करायला लावला.

पुढच्या वर्षी फॉर्म सुटले त्याच सकाळी त्यांनी सविताला बोलावून घेतलं. तिला प्रवेश मिळाला. ती आता परभणीला एका दवाखान्यात आहे.

त्यानंतर आक्कांना डबे उघडण्याची सवयच लागली. आमच्या शाळेत सहा बंद कॉम्प्युटर धूळ खात होते. सुट्टीत त्यांनी सायकलच्या पंपाने धूळ उडवली, रॅमच्या पट्ट्या खोडरबरने घासल्या, इकडचं तिकडं बसवलं आणि चार चालू करून दिले. हेडमास्तरांनी सत्काराचं काढलं, तर म्हणाल्या, "त्यापेक्षा खोलीची खिडकी बसवून घ्या, धूळ येऊन राहिली."

पुढे डोळे अधू झाले. लेकीने त्यांना नांदेडला बोलावलं. निघायच्या दिवशी मी निरोप द्यायला गेलो, तर आक्का अजून खुर्चीतच होत्या. इतक्या वर्षांतले लोकांचे आधार कार्ड, दाखले, फोटो, सह्या, सगळं त्या कॉम्प्युटरवरून पुसत होत्या. मी म्हणालो, "गाडीची वेळ झाली. राहू द्या, कोण बघतंय?"

"लोकांनी विश्वासानं दिलेले कागद हायत, भाऊ. माझ्यामागं कुणाच्या हाती लागाय नकोत."

त्यांची गाडी चुकली. दुसरी दोन तासांनी होती. सगळं पुसून झाल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि कुणाचं नाव राहिलंय का ते नीट बघायला सांगितलं. मी बघितलं. एकही नव्हतं.