हवामान बदलाला आमचा पूर्ण पाठिंबा

आम्ही तिघं अजूनही कुठं भेटलो, एखाद्या लग्नात किंवा औरादच्या बाजारात, की कुणीतरी म्हणतंच, "ते पाठिंब्याचं सांगा की." मग एकातून दुसरा किस्सा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि पंगत उठली तरी आमचं संपत नाही. एका निवडणुकीने माणसाला किती किस्से द्यावेत, याला काही मर्यादा?

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या स्टँडसमोर माझं एसटीडी बूथ आणि झेरॉक्सचं दुकान. गावात मोबाइल आले आणि बूथमध्ये बसायला माझी छत्री तेवढी उरली. दुसरे शरणप्पा मास्तर, म्हणजे आमचे अप्पा. कन्नड आणि मराठी दोन्ही शाळांत शिकवून रिटायर झालेले, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा मार खाल्लेला. आणि तिसरी सोनाक्का, तळ्याकाठी मेंढरं राखणारी.

आक्काची दोन्ही पोरं हैदराबादला बांधकामावर. त्यांचा फोन माझ्याच बूथवर यायचा आणि दर वेळी एकच बोलणं, "मेंढरं इक आन् इकडं ये." आक्काचंही उत्तर ठरलेलं. "तळ्याचा गाळ निघाला तर ऱ्हाते. न्हाई निघाला तर इकते."

त्या वर्षी बीदरच्या एका संस्थेने आम्हाला काम दिलं. हवामान बदलाबद्दल उमेदवारांचं म्हणणं विचारायचं आणि मतदारांना सांगायचं. अप्पांनी शाळेतला जुना फळा आणून माझ्या दुकानाबाहेर टांगला. आक्का का आली, ते वेगळं सांगायला नको.

*

पहिला उमेदवार जुना, राजकारणात मुरलेला. त्याच्या बैठकीत अप्पांनी घसा साफ केला आणि शुद्ध भाषेत विचारलं, "हवामान बदलाविषयी आपली भूमिका काय?"

उमेदवाराने शेजारच्या कार्यकर्त्याकडे बघितलं. कार्यकर्त्याने पंख्याकडे बघितलं. मग उमेदवाराने हात जोडले. "आमचा पूर्ण पाठिंबा हाय."

अप्पांनी परत येऊन ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मी म्हटलं, "अप्पा, जरा समजावून तरी सांगायचं त्यांना." अप्पा म्हणाले, "परीक्षेत समजावून सांगत नसतात."

संध्याकाळी दुसऱ्या उमेदवाराचा माणूस धापा टाकत दुकानात आला. "फळा वाचलो. आमच्या अण्णांचा त्यांच्यापेक्षा जास्त पाठिंबा हाय. तसं लिहा."

*

बायकांची सभा समाजमंदिरात भरवली. अप्पांनी धूर, कारखाने, समुद्र, उत्तर ध्रुव असं सगळं घेतलं. उत्तर ध्रुवापर्यंत पोचेतो पुढच्या रांगेतली म्हातारी घोरायला लागली होती.

मग आक्का उठली. "मी लगीन होऊन आले तवा ह्या दिवसांत तळ्यात कंबरेइतकं पानी ऱ्हायचं. आता संक्रांत झाली की मेंढरं चिखल चाटायलेत. पाऊस येतोय तर सगळा एका दिवशीच येतोय, रानाची माती घिऊन तळ्यात बसायलाय. हे कामून व्हायलंय ते अप्पा सांगतेत. ह्ये कोन नीट करनार, ते आपुन इचारायचं."

म्हातारी जागी झाली. म्हणाली, "मग हे आधी सांगायचं न्हाई का. मास्तर कामून एवढा फिरून आला?"

अप्पा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. जसं काही मीच म्हणालो होतो.

*

तिसरा उमेदवार तरुण. हैदराबादला कॉम्प्युटरचं काम करून परत आलेला, पांढराशुभ्र शर्ट. तो प्रत्येक गावात स्वतःच्या हाताने झाड लावायचा. आमच्याकडेही लावलं, फोटो झाला, टाळ्या झाल्या. आम्हाला खरंच बरं वाटलं. अप्पांनी त्याला फळ्यावर सगळ्यात मोठी जागा दिली.

त्याची जीप निघताना आक्काने सहज आत डोकावून बघितलं. तेच झाड मागच्या सीटवर होतं, मुळांना ओलं पोतं गुंडाळलेलं. पुढच्या गावाचा कार्यक्रम तासाभरात होता.

आक्का म्हणाली, "ह्या झाडानं माज्यापेक्षा जास्त गावं बघितली."

*

दुसरा उमेदवार, म्हणजे जास्त पाठिंब्यावाले अण्णा, बोलण्यात वस्ताद. आमच्या आठवडी बाजारात त्यांचं भाषण झालं. आधी कन्नडमध्ये बोलले, तळं खोल करून देतो. मग मराठीत, तळं कशाला, घरोघरी नळ देतो. मग टोपीवाल्या चाचांकडे वळून दखनीत, नळ-बिळ सब छोडो, हर गल्ली में बोअर मारतूं.

प्रत्येक भाषेला टाळ्या पडल्या. अण्णा खुशीत खाली उतरले, तर भुईमुगाच्या शेंगा विकणारे चाचा पुढं झाले. म्हणाले, "अण्णा, तिन्ही भाषा आमालाच येतात. आता ह्यातलं कोनतं धरू?"

अण्णांनी शेंगा घेतल्या आणि गाडीत बसले. अप्पांनी फळ्यावर अण्णांच्या नावापुढची तळ्याची जागा कोरी ठेवली. "नक्की काय ते सभेत सांगतो," असा निरोप आला. निवडून अण्णाच येणार, असं गावात सगळे म्हणत होते. त्यामुळे आक्काचा जीव त्या कोऱ्या जागेत अडकला होता. रोज मेंढरं हाकताना दुकानापाशी थांबायची आणि विचारायची, "लिवलं का काई?" मला नाही म्हणायला फार वाईट वाटायचं.

*

अण्णांची ती शेवटची सभा तळ्यातच झाली. खरंच तळ्यात. एवढी सपाट, मोकळी जागा गावात दुसरी कुठं होती? गाळ वाळून टणक झालेला. कार्यकर्त्यांनी त्याच्यावर मंडप घातला, स्पीकर लावले, जिपा थेट आत आणून लावल्या. मधोमध स्टेज. आइस्क्रीमची गाडीसुद्धा आली होती.

आक्काच्या पोरांनी उदगीरहून मेंढरांचा व्यापारी पाठवला होता. तो सकाळपासून कळप बघून बसला होता. आक्काने त्याला मंडपाच्या मागे उभं केलं आणि सांगितलं, "सभा होऊ दे. मग बोलू."

भाषण छान झालं. शेवटी अण्णा म्हणाले, "कुनाला काई इचारायचं असंल तर इचारा." आक्का पहिल्या रांगेतून उठली.

"अण्णा, ह्या तळ्याचं काय करनार?"

अण्णांनी मान डोलावली, चारी बाजूंना कौतुकाने नजर फिरवली आणि माइक जवळ घेतला.

"आक्का, लई भारी जागा हाय ही. मी शब्द देतो. निवडून आलो की सत्काराची सभा इथंच. आन् पाच वर्षांनी तुमच्याकडं पुन्ना मत मागायला येतो, तेबी इथंच. ह्याच जागी, असाच मंडप घालून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पांनीही दोन टाळ्या वाजवल्या आणि हात तसेच धरून थांबले.

आक्का पदर झटकून निघाली, रांगेतून वाट काढत मंडपाच्या मागे गेली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "उद्या टेंपो घिऊन ये."