यशोधराताईंनी खोडलेली टिंबं

यशोधराताईंच्या नजरेतून चूक सुटत नसे. राहुरीच्या छापखान्यात त्या प्रुफं तपासायच्या. पत्रिकेत 'आशिर्वाद' दिसला की नवरदेवाच्या बापालाही ऐकवायच्या. आमच्या शेतमजूर संघटनेचं सगळं लिखाण त्यांच्याच हातातून जायचं. मी मात्र तोंडाचा माणूस. "भाऊ, शिव्या तरी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून द्या," म्हणायच्या.

नव्याण्णव साली संघटनेनं स्वतःच्या नावाचा ई-मेल घेतला. फुकटातला पत्ता नको, आपलं नाव पाहिजे, हा हट्ट माझा. पुण्याच्या एका लहानशा कंपनीनं आमच्यासाठी स्वतःच्याच ऑफिसात मशीन लावलं आणि कुठला नंबर कुठल्या नावाचा, या नोंदींची फाईल फ्लॉपीवर पाठवली. नावं बरोबर आहेत का, तेवढं बघायचं होतं. ताईंनी बघितलं, तर प्रत्येक नावाच्या शेवटी टिंब.

"नावानंतर कुणी पूर्णविराम देतं का? वाक्य आहे का ते? काय शिकतात ही पोरं!"

सगळी टिंबं खोडून त्यांनी फ्लॉपी परत धाडली. कंपनीनं ती न बघता तशीच चढवली.

त्याच सुमाराला टपालानं मनिलाच्या शेतमजूर परिषदेचं आमंत्रण आलं. पुणतांब्याच्या झुंबरबाईंना तिथं बोलायला बोलावलं होतं. कांदा काढणाऱ्या बायकांना मजुरीसाठी काम थांबवून बांधावर बसवणारी ही बाई. पासपोर्ट हातात आला, गावात पेढे वाटून झाले. राहिला फक्त होकार, आणि तो परिषदेला ई-मेलनंच हवा होता.

होकार गेला आणि परत आला. सोबतचं इंग्रजी ताईंनी वाचून दाखवलं: पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही.

माझं डोकंच फिरलं. कोण तुम्ही, कुणाचे तुम्ही, हे आम्ही जन्मभर ऐकलं. आता मशीनही तेच विचारणार? ताईंनी पत्राचं स्पेलिंग पुन्हा तपासलं. चूक नव्हती, म्हणून पुन्हा पाठवलं. पुन्हा परत. असं करता करता मुदत टळली. मग मी पुण्याला फोन लावला आणि त्या पोराला नको नको ते बोललो.

त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं का साहेब? मग सांगा, फाईलमधली टिंबं कुणी खाल्ली?"

"कसली टिंबं?" मी ओरडलो. शेजारी उभ्या ताईंचा चेहरा उतरला.

पोरानं समजावलं. मेल घेणारं मशीन आधी आमच्या मशीनचा नंबर बघतं. हा नंबर कुणाचा, असं नोंदीत विचारतं. नाव जुळलं तरच दार उघडतं. शेवटचं टिंब म्हणजे नाव इथं संपलं. टिंब नसेल तर नाव अर्धवट समजून त्याला भलतंच शेपूट जोडलं जातं. मग ते नाव आमचं राहतच नाही.

मनिलाला फॅक्स केला, पण झुंबरबाईंची जागा दुसऱ्या कुणाला गेली होती.

"पुण्याच्या पोरावर ढकलू," मी म्हणालो. "त्यानं न बघता चढवलीच ना?"

"आणि मी बघून खोडली, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुणतांब्याला गेलो. झुंबरबाई दारातच भेटल्या.

"बाई, मनिलाचं राहिलं. माझ्यामुळं." ताईंनी सगळं सांगितलं.

"येवढ्याशा टिंबापायी?"

"हो."

बाई हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "माज्या नावावरचं टिंब काडलं तर मी झुबर हुईन. कोन वळखंल मला? मशीनचं काय चुकलं मग?"

ताई माफी मागायला लागल्या, तशी बाईंनी अडवलं.

"पेढं मी वाटल्यात, ताई. आता जायचं न्हाई, हे बी मीच सांगत हिंडू व्हय? चला."

त्यांनी ताईंचा हात धरून खळ्यावर नेलं. तिथं बायका कांदा निवडत होत्या. "बायांनो, ताईला कायतरी बोलायचंय."

ताई तोंड उघडायच्या आधीच मी पुढं सरसावलो.

"तुमी गप ऱ्हावा, भाऊ," झुंबरबाई म्हणाल्या.

"टिंबं मी खोडली," ताई कशाबशा म्हणाल्या. "मला वाटलं, मला कळतं. बाईंचं जाणं माझ्यामुळं हुकलं."

कुणी रागावलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आक्काबाई नावाच्या म्हातारीनं नुसती आपल्या शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाली, "बस. निवडू लाग."

ताई बसल्या. ऊन कलेपर्यंत मान वर न करता निवडत राहिल्या. मला कुणी बस म्हणालं नाही. मी खळ्याच्या कडेला उभाच होतो.